मॅग्नेशियमचे बळ सांगताना तापमानही सांगावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाहने हलकी करण्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचा वापर वाढवावा, अशा आशयाचे लेखन हल्ली मराठी वृत्तपत्रांतून वाचायला मिळते, आणि चिंचवड-भोसरीच्या ओतकाम व्यवसायात ३० वर्षांहून अधिक काळ घालवलेल्या माझ्यासारख्या धातुशास्त्राच्या माणसाला त्याचा मनापासून आनंद होतो. मॅग्नेशियमची घनता एका घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७० आणि लोखंडाची ७.८७, हे आकडे खरेच आहेत, आणि ॲल्युमिनियमचा सुटा भाग त्याच मापात मॅग्नेशियमचा केला तर वजन सुमारे एक तृतीयांशाने उतरते, हेही खरे आहे. माझी तक्रार त्यापुढच्या वाक्याबद्दल आहे. ‘मॅग्नेशियमचे मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या तोडीचे मजबूत असतात’ असे लिहिताना ती मजबुती कोणत्या तापमानाला मोजलेली आहे आणि त्या तापमानाला ती किती काळ टिकते, हे जवळजवळ कधीच लिहिले जात नाही. ही उणीव फक्त वृत्तपत्रांची असती तर मी हे पत्र लिहिले नसते. परंतु तीच उणीव मी कारखान्याच्या बैठकांत पाहिली आहे आणि तिची किंमत एका निरपराध माणसाला मोजावी लागलेली पाहिली आहे.

प्रथम आकडा पाहू. आज जगात मॅग्नेशियमचे जे डाय-कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरण्याचे ओतकाम, होते, त्यात एझेड९१ या मिश्रधातूचा वाटा मोठा आहे. त्यात सुमारे ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्त असते. तो साच्यात पाण्यासारखा पळतो, पातळ भिंती सहज भरतो आणि खोलीच्या तापमानाला त्याचे ताणबल, म्हणजे ओढून तोडायला लागणारे बळ, २३० मेगापास्कलच्या आसपास, तर कायमचे वाकणे जिथे सुरू होते ते बळ १५० ते १६० मेगापास्कल भरते. तोच तुकडा १५० अंश सेल्सिअसला ओढून पाहिला, तर दोन्ही आकडे साधारण एक तृतीयांशाने खाली येतात. एवढेच असते तर अभियंत्याने भिंत थोडी जाड केली असती आणि प्रश्न मिटला असता. परंतु हा आकडा काही मिनिटांत उरकलेल्या चाचणीचा आहे. तोच तुकडा त्याच उष्णतेत त्याहून कितीतरी कमी भाराखाली शेकडो तास ठेवला, तर तो न तुटता, आवाज न करता, हळूहळू लांबत किंवा दबत जातो. पुस्तकांनी भरलेली लाकडी फळी जशी काही वर्षांनी मधोमध झुकते, तसेच हे असते. याला इंग्रजीत आणि आमच्या कारखान्यांतही ‘क्रीप’ म्हणतात. मराठी पारिभाषिक शब्द ‘विसर्पण’ आहे. एझेड९१ साधारण १२० अंशांपर्यंत विश्वासाचा असतो आणि त्यापुढे तो सरकू लागतो, हे आमच्या धंद्यातले जुने ज्ञान आहे.

याचे कारण पुष्कळदा चुकीचे सांगितले जाते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. धातू आपल्या वितळणबिंदूच्या, केल्विनमध्ये मोजलेल्या, साधारण ४० ते ५० टक्क्यांवर पोहोचला की त्यात विसर्पण जाणवू लागते. मॅग्नेशियम ६५० अंशांना, म्हणजे ९२३ केल्विनला वितळते. १५० अंश म्हणजे ४२३ केल्विन, म्हणजे सुमारे ४६ टक्के. लोखंडासाठी हेच तापमान फक्त २३ टक्के ठरते, म्हणून पोलादाला या उष्णतेची जाणीवही होत नाही. इथपर्यंत ठीक आहे, परंतु ॲल्युमिनियमचा वितळणबिंदू ६६० अंश आहे, म्हणजे जवळपास तेवढाच, आणि तरीही एडीसी१२ या आपल्याकडच्या नेहमीच्या डाय-कास्टिंग मिश्रधातूचे गिअरबॉक्स याच उष्णतेत वर्षानुवर्षे काम करतात. तेव्हा दोष मूळ धातूच्या वितळण्यात नसून त्याच्या आत जो दुसरा घटक स्फटिकांच्या फटींत बसलेला असतो त्यात शोधला पाहिजे. एडीसी१२ मध्ये सिलिकॉनचे कठीण जाळे असते आणि १५० अंशांना त्याला काहीही होत नाही. एझेड९१ मध्ये मात्र या स्फटिकांच्या, म्हणजे आमच्या भाषेत कणांच्या, सीमांवर मॅग्नेशियमचे १७ आणि ॲल्युमिनियमचे १२ अणू अशा प्रमाणाचे संयुग बसलेले असते. ते खोलीच्या तापमानाला कडक आणि ठिसूळ असते, परंतु स्वतःच ४६० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे १५० अंशांना ते आपल्या वितळणबिंदूच्या ५८ टक्क्यांवर जाऊन पोहोचलेले असते. ज्या सिमेंटने विटा धराव्यात तेच मऊ पडते. शिवाय झटपट थंड झालेल्या ओतीव भागात कणाच्या आत अडकलेले जादा ॲल्युमिनियम या उष्णतेत बाहेर पडू लागते आणि सीमांपाशी हेच मऊ संयुग आणखी तयार करते. जे ९ टक्के ॲल्युमिनियम ओतण्याची सोय आणि थंडपणीचे बळ देते, तेच गरम झाल्यावर घात करते.

आता माझा अनुभव. ज्या कारखान्यात मी तेव्हा काम करत होतो, तिथे एका गिअरबॉक्सचे हाऊसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, ॲल्युमिनियमऐवजी एझेड९१ मध्ये करून पाहण्याचे ठरले. नमुने उत्तम आले. ताणचाचणीचे आकडे उत्तम, एक्स-रे स्वच्छ, वजन अपेक्षेप्रमाणे उतरलेले, आणि बैठकीत सर्वांनी, त्यात मीही होतो, एकमेकांचे अभिनंदन केले. टेस्ट बेंचवर मात्र विचित्र गोष्ट दिसू लागली. तेल १४० अंशांपर्यंत तापत असे, रात्री उशिरापर्यंत बेंच चाले आणि तोवर जोडातून एक थेंबही बाहेर येत नसे. परंतु सकाळी, सारे थंड झाल्यावर, खाली ठेवलेल्या कागदावर तेलाचे डाग पडलेले असत. टॉर्क रेंच लावून पाहिले तर बोल्ट सैल लागत. गरम असताना गळती नाही आणि थंड झाल्यावर बोल्ट सैल, यावरून बोल्ट मुळात नीट आवळलेच नव्हते, असा निष्कर्ष काढला गेला. जोडणी करणारे आमचे ज्येष्ठ मिस्त्री हात जोडून सांगत होते की, साहेब, मी प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला आहे. त्यांना मेमो मिळाला. नव्याने आवळलेल्या बोल्टांसह बेंच पुन्हा चालला आणि पुन्हा तेच झाले, तेव्हा कुठे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

ते गणित इतके साधे आहे की ते आधी न केल्याबद्दल मला आजही वाईट वाटते. पोलादाचा बोल्ट एका अंशाला लांबीच्या दशलक्षांश हिश्श्यात सुमारे १२ ने वाढतो, तर मॅग्नेशियम सुमारे २६ ने. ३० मिलिमीटर जाडीच्या जोडाला २० अंशांवरून १५० अंशांवर नेले, तर मॅग्नेशियम बोल्टपेक्षा सुमारे ५५ मायक्रॉन जास्त फुगते. हे किती मोठे आहे ते कळण्यासाठी तुलना पाहावी: तोच बोल्ट ५०० मेगापास्कलच्या ताणापर्यंत कडक आवळताना ३० मिलिमीटर लांबीत केवळ ७० मायक्रॉनच्या आसपास लांबतो. म्हणजे गरम होताच बोल्टच्या माथ्याखालचा दाब मूळच्या कितीतरी पट नाही, तरी बराच वाढतो, आणि तो नेमका अशा वेळी वाढतो, जेव्हा माथ्याखालचा मॅग्नेशियम सर्वांत दुबळा असतो. गरम असताना जोड घट्टच असतो, म्हणून गळती होत नाही. परंतु त्या तासांत मॅग्नेशियम दबत जातो, आट्यांमध्ये सरकतो आणि आपल्यावरचा दाब उतरवून घेतो. रात्री बेंच बंद झाला की फुगलेले कवच पुन्हा आक्रसते, बोल्ट मात्र तेवढा आक्रसत नाही, आणि सकाळी मूळच्या आवळणीपैकी फार थोडी उरते. मिस्त्रींनी काहीही चुकवलेले नव्हते. चूक साहित्य निवडणाऱ्यांची, म्हणजे आमची होती, कारण आम्ही २० अंशांचा आकडा पाहून १४० अंशांचा निर्णय घेतला होता. प्रकल्प बंद झाला, हाऊसिंग पुन्हा ॲल्युमिनियमचे झाले; मेमो मात्र त्यांच्या फाइलमध्ये तसाच राहिला आणि ते त्याच फाइलसह निवृत्त झाले.

वास्तविक आम्ही ज्या खड्ड्यात पडलो, त्यातून जर्मन अभियंते कित्येक दशके आधी वाट काढून गेले होते. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचे क्रँककेस आणि गिअरबॉक्सचे कवच मॅग्नेशियमचे असे. एका गाडीत सुमारे २० किलो मॅग्नेशियम जाई आणि १९७१ मध्ये त्या कंपनीचा वापर वर्षाला ४२,००० टनांच्या घरात पोहोचला होता. इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे पाण्याने गंजण्याचा प्रश्न नव्हता, परंतु इंजिनाची ताकद वाढत गेली तशी उष्णता वाढली आणि जादा ॲल्युमिनियमचे जुने मिश्रधातू अपुरे पडू लागले. मग त्यांनी ॲल्युमिनियम ४ टक्क्यांवर आणून त्यात १ टक्का सिलिकॉन घातले आणि एएस४१ वापरात आणला; पुढे ॲल्युमिनियम आणखी निम्म्यावर आणून एएस२१ आला. सिलिकॉनमुळे सीमांवर मॅग्नेशियम सिलिसाइड तयार होते आणि त्याचा वितळणबिंदू १,०८५ अंश आहे, म्हणून ते १५० अंशांना ढळत नाही. किंमत अशी मोजावी लागली की ॲल्युमिनियम कमी केल्यामुळे धातू साच्यात पूर्वीइतका सहज पळेना.

या क्षेत्रातला पुढचा सारा इतिहास म्हणजे याच देवघेवीचा इतिहास आहे. सिलिकॉनऐवजी दुर्मिळ मृदा धातू (इंग्रजीत ‘रेअर अर्थ’; निओडिमियम हा त्यांपैकीच एक) घातले की ते ॲल्युमिनियमला आपल्याकडे बांधून घेतात आणि मऊ संयुगाला जागाच उरत नाही. एई४२ या मिश्रधातूत हीच कल्पना होती, परंतु १५० अंशांच्या पुढे ते बंधनही सुटू लागते, आणि मोकळे झालेले ॲल्युमिनियम पुन्हा जुनाच उद्योग सुरू करते. दुर्मिळ मृदांचे प्रमाण वाढवलेला एई४४ मात्र २००६ च्या कॉर्व्हेट झी०६ या मोटारीत इंजिन धरणाऱ्या चौकटीसाठी वापरला गेला. बीएमडब्ल्यूने २००४ पासून आपल्या सहा सिलिंडरच्या एन५२ इंजिनात स्ट्रॉन्शियम असलेला एजे६२ वापरला, आणि त्या इंजिनाची रचना मला विशेष शहाणपणाची वाटते, कारण तिथे मॅग्नेशियमवर नको तेवढा विश्वास टाकलेला नाही. सिलिंडर आणि पाण्याचे मार्ग ॲल्युमिनियमच्या आतील भागात ठेवले, त्याभोवती मॅग्नेशियम ओतले, आणि बोल्ट चक्क ॲल्युमिनियमचे घेतले. ॲल्युमिनियमचे प्रसरण २३ आहे, मॅग्नेशियमच्या २६ ला ते पोलादापेक्षा कितीतरी जवळचे आहे. शिवाय पोलाद आणि मॅग्नेशियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की मॅग्नेशियम वेगाने खाल्ले जाते, तो धोकाही त्यामुळे कमी झाला. आमच्या सकाळच्या तेलाच्या डागांचे उत्तर त्या बोल्टांत होते.

विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या क्षेत्राने वेगळाच मार्ग धरला. त्यांनी ॲल्युमिनियम पूर्णपणे काढून टाकले आणि झिर्कोनियम घालून कण बारीक केले. हे दोन धातू एकत्र नांदत नाहीत, कारण ते एकमेकांशी संयुग करून वितळलेल्या धातूच्या तळाशी जातात. जस्त आणि दुर्मिळ मृदांचा झेडई४१ हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या कवचांसाठी दीर्घकाळ वापरला गेला आणि तो १५० अंशांच्या आसपास चांगला टिकतो. त्याहून पुढे डब्ल्यूई४३ गेला. त्यात सुमारे ४ टक्के इट्रियम आणि ३ टक्के दुर्मिळ मृदा, त्यात मुख्यतः निओडिमियम असते आणि तो २५० अंशांनाही आपले बरेचसे बळ राखून असतो. त्याचे रहस्य मला नेहमीच सुंदर वाटत आले आहे. मॅग्नेशियमचे अणू षट्कोनी थरांत रचलेले असतात आणि भार आला की हे थर पत्त्यांच्या जुडीसारखे एकमेकांवरून आडवे घसरतात. डब्ल्यूई४३ ला योग्य उष्मोपचार दिला की त्याच्या आत अतिसूक्ष्म पातळ पाती तयार होतात आणि ती थरांना समांतर न राहता उभी असतात, म्हणून घसरणाऱ्या प्रत्येक थराची वाट त्यांच्यावर अडते. एझेड९१ मधले अवक्षेप, म्हणजे धातूच्या आत असेच तयार होणारे सूक्ष्म तुकडे, बहुतांशी थरांना समांतर आडवे पसरतात, त्यामुळे त्यांचा अडसर कमी पडतो. १९५० आणि ६० च्या दशकांत थोरियम घातलेले मिश्रधातू ३५० अंशांपर्यंत वापरले जात; थोरियम किरणोत्सारी असल्याने ते मागे पडले. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम आहे तशाच दुर्मिळ मृदाही आहेत, तेव्हा उष्णता सोसणाऱ्या मॅग्नेशियमचा कच्चा माल आपल्या देशाला परका नाही, हे इथे नोंदवावेसे वाटते.

एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हमखास चुकते, म्हणून सांगतो. कण जितके बारीक तितका धातू मजबूत, हा पाठ्यपुस्तकातला नियम थंड मॅग्नेशियमला चोख लागू पडतो. परंतु गरम धातूत कणांच्या सीमा स्वतःच सरकू लागतात, आणि बारीक कण म्हणजे अधिक सीमा. त्यामुळे जो भाग खोलीत अधिक मजबूत ठरला, तोच भट्टीत अधिक सरकणारा ठरू शकतो. उलट हीच उष्णता घडवणीच्या वेळी उपकारक असते. एझेड३१ चा पत्रा थंडपणी वाकवला तर तडकतो, आणि २०० ते ३०० अंशांदरम्यान तोच पत्रा शहाण्यासारखा वाकतो, कारण तेव्हा थरांना आडव्याखेरीज इतर दिशांनीही घसरता येते. घडवणाऱ्याला जे हवे असते तेच वापरणाऱ्याला नको असते.

काही वाचकांच्या मनात येईल की नागपूर-चंद्रपूरच्या ४७ अंशांच्या उन्हाळ्यात असले भाग टिकतील का. त्यांनी निश्चिंत असावे. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड कितीही तापला तरी तो १२० अंशांच्या बराच खाली असतो; स्टिअरिंग व्हीलचा सांगाडा, डॅशबोर्डमागची आडवी तुळई, लॅपटॉपचे कवच, लाकूड कापण्याच्या यंत्रकरवतीचे कवच, अशा ठिकाणी मॅग्नेशियमचे मिश्रधातू उत्तम सेवा देत आहेत. प्रश्न उन्हाचा नसून इंजिनाच्या, गरम तेलाच्या आणि ब्रेकजवळच्या उष्णतेचा आहे. इलेक्ट्रिक वाहनांमुळे या प्रश्नाचे स्वरूप बदलते आहे, आणि तो बदल मॅग्नेशियमच्या बाजूचा आहे असे माझे मत आहे, कारण पाण्याने थंड केलेल्या मोटरचे कवच पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकइतके तापत नाही. मात्र तिथे तेच थंड करणारे पाणी मॅग्नेशियमला लागू न देण्याची काळजी घ्यावी लागेल आणि बोल्टची पकड तरीही तपासावीच लागेल, कारण १०० अंशांनाही प्रसरणातील फरक नाहीसा होत नाही.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. आपल्या दैनिकात आणि इतरत्र लिहिणाऱ्यांनी मिश्रधातूच्या मजबुतीचा आकडा छापताना त्याच्या शेजारी तापमान छापावे. एका शब्दाची आणि एका अंकाची जागा त्याला लागते. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ताणचाचणीच्या शेजारी बोल्टच्या पकडीचीही चाचणी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. मिश्रधातूचा ३० मिलिमीटर जाडीचा ठोकळा घ्यावा, त्यात आरपार छिद्र पाडावे, पोलादी बोल्टच्या दोन्ही टोकांना मध्यभागी खोलगट जागा करून त्यात एक-एक बारीक पोलादी गोळी बसवावी, म्हणजे मायक्रोमीटर दर वेळी त्याच बिंदूंवर टेकेल. बोल्टची लांबी आवळण्यापूर्वी एकदा, आवळल्यावर एकदा, आणि १५० अंशांच्या ओव्हनमध्ये १०० तास ठेवून पूर्ण थंड केल्यावर एकदा मोजावी. आवळताना बोल्ट ७० मायक्रॉन लांबला होता आणि शेवटी २५ च उरला, तर पकड किती गेली हे भागाकाराने कळते. एझेड९१, एडीसी१२ आणि सिलिकॉनचा किंवा दुर्मिळ मृदांचा एखादा मिश्रधातू असे तीन ठोकळे एकाच ओव्हनमध्ये शेजारी ठेवले, तर विद्यार्थ्याला आठवड्याभरात जे दिसेल ते त्याच्या कायमचे लक्षात राहील. पिंपरी-चिंचवड परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाला ही चाचणी बसवायची असेल, तर मी स्वतः येऊन ती मांडून देईन; कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त धातुशास्त्र अभियंता,
चिंचवड, पुणे